कंडेन्सर आणि अंडं

१७ जानेवारी १९७८, मंगळवार. कुमासी

बाबांना शनिवारी पुरलं. आज शेवटचे पाहुणे गेले. भाड्याच्या खुर्च्या नेल्या, पण अंगणात सांडलेलं तसंच आहे. त्यावर माश्या बसल्या आहेत. घरभर जिनचा, घामाचा आणि बकऱ्याच्या चरबीचा वास आहे.

मी रोजनिशी कधी लिहिली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेची वही लिहिते, तशीच ही लिहीन. बोलावं असं कुणी नाही, आणि मला बोलायची सवयही नाही.

आमच्यात बापाची शवपेटी मुलांनी आणायची असते. मी एकुलती एक, आई नाही. मी आणली. पेटी अंगणात उतरवली तेव्हा बाबांच्या घराण्यातल्या एका बाईनं तिच्यावर नखानं टिचक्या मारल्या. "महागनी आहे का गं? की स्वस्तातल्या वावाच्या लाकडाला रंग दिलाय?" दुसरी म्हणाली, "शिक्षिका आहे ती. वावाच असणार." दोघी हसल्या आणि पुढच्या क्षणी गळा काढून रडायला लागल्या. अश्रू खरे होते, तेच जास्त किळसवाणं वाटलं.

बाबांचं गाड्यांच्या दुरुस्तीचं दुकान बादूकडे गेलं. बादू हा पोकुआ आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. मामाचं भाच्याकडे जातं, मुलीकडे नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण खड्ड्यावर माती पडली, सगळे ओरडून रडत होते, आणि तो नुसता बाबांच्या पेटीकडे बघत उभा होता. त्याच्या नखांत काळं होतं. मामाला पुरायच्या दिवशीही हात धुतले नव्हते.

अपघातानंतर दवाखान्यातून बाबांच्या वस्तू मिळाल्या त्या अशा: घड्याळ (फुटलेलं), रुमाल, चष्म्याची एक काच, आणि खिशात फडक्यात गुंडाळलेला, गाडीच्या इंजिनाचा एक कंडेन्सर. अस्सल, परदेशी, शिक्का असलेला. बाबा प्रवासाला निघाले की एक चांगला कंडेन्सर नेहमी खिशात ठेवायचे. गाडी कुणाचीही असो. इतका दुसऱ्याचा विचार करणारा माणूस मॅगझीनमध्ये, त्या सगळ्या गॅरेजांच्या वस्तीत, दुसरा नव्हता.

ही वही माझ्या शाळेच्या खाऊच्या पेटीत ठेवते आहे. बाबांनी ती मला वसतिगृहासाठी करून दिली होती. चंदेरी रंगात कपड्यांची नीळ कालवून त्यांनी स्वतः रंग तयार केला होता, ना निळा ना राखी. वसतिगृहातल्या शेकडो पेट्यांत माझी दारातून ओळखू यायची.

१९ जानेवारी

आज काही नाही. आत्यानं भुईमुगाची आमटी आणि फुफू, कुटलेल्या कंदांचा गोळा, दिला. आमटीवर तेल तरंगत होतं. एक घास घेतला आणि उठले. ती म्हणाली, "पोरी, तू उपाशी राहिलीस म्हणून तो परत येणार आहे का?" नंतर बादू आला आणि त्यानं माझं उरलेलं खाल्लं, उभ्यानंच, माझ्यासमोर. बोटं चाटली.

२३ जानेवारी, सोमवार

ड्रायव्हर आला. नाव आजेमान. बाबा ज्या लॉरीतून चालले होते तिचा चालक आणि मालक. लाकडी बॉडीची जुनी इंग्लिश लॉरी आहे, कपाळावर लिहिलेलं आहे: 'मी काय केलं?' माणूस दिसायला तसाच आहे. मान खाली, हातात माफीसाठी आणलेली जिनची बाटली.

आत्यानं बाटली घेतली नाही. बसायलाही सांगितलं नाही.

"माझा भाऊ खाल्लास आणि आता जिन पाजायला आलास?"

"आई, देवाशप्पथ, गाडी आपोआप बंद पडली."

"आपोआप! गाडी आपोआप, ट्रक आपोआप, माझा भाऊ पण आपोआप मेला असेल. चाळिसाव्या दिवशी घराणं बसेल. मग पोलिसांना काय सांगायचं ते नाना बोआफो सांगतील. तोवर तुझं तोंड दाखवू नकोस."

नाना बोआफो घराण्याचे प्रमुख आहेत. त्यांनी 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा' असं सांगितलं की आजेमान तुरुंगात जाईल. लॉरी आणि परवाना आधीच पोलिसांकडे आहे. त्याला लहान मुलं आहेत म्हणे. आत्याला त्याचं काही नाही.

मी त्याच्या मागोमाग फाटकाबाहेर गेले. विचारलं, नक्की काय झालं ते सांगा. त्यानं सांगितलं तसं लिहिते; बाबांना सगळे मास्टर म्हणायचे.

"मास्टर पुढे माझ्या शेजारी बसले होते. मामपाँगच्या चढावर गाडी फुरफुरायला लागली. मास्टर म्हणाले, हे पेट्रोल नाही, कंडेन्सर आहे. म्हटलं, आज सकाळीच नवा टाकलाय. म्हणाले, कुठनं घेतलास? म्हटलं, लॉरी स्टँडवर ब्रोन्या बसते, तिच्याकडनं, खोक्यातला. ते गप्प झाले. मग गाडी बंदच पडली. अंधार पडत होता. त्यांनी बॉनेट उघडलं, मी काडी ओढून धरली. त्यांनी कंडेन्सर बोटानं चोळून बघितला."

"मग?"

"काडी विझली. म्हटलं, दुसरी ओढू का? तर नको म्हणाले. म्हणाले, सगळ्यांना खाली उतरव, लगेच, झाडीत उभं कर. म्हटलं, मास्टर, तुम्ही पण चला. म्हणाले, तू लोकांचं बघ, माझ्या खिशात चांगला आहे, मी बसवतो. मी बायकांना उतरवत होतो, म्हातारीचं गाठोडं घेतलं, आणि वरनं लाकडांचा ट्रक आला. मास्टर बॉनेटपाशी तसेच उभे होते. हाक मारली मी. ताई, दोनदा हाक मारली."

लॉरीतल्या सगळ्यांना वाचवून बाबा गेले. हे आत्याला कुणी सांगितलं नाही, किंवा तिनं ऐकलं नाही. फक्त एक कळत नाही. बसवायला म्हणून थांबले, तर कंडेन्सर खिशात फडक्यात तसाच कसा राहिला? काढायला वेळच मिळाला नसेल.

मी आजेमानला म्हटलं, तो गाडीतला कंडेन्सर मला आणून द्या.

२८ जानेवारी, शनिवार

त्यानं आणला. पोलिसांच्या आवारातून इंजिनावरून काढून. इंजिन फुटून सांडलेल्या तेलात माखला होता, वाळलेल्या चिखलासारखा थर. चिमटीत धरून घेतला. कागदात गुंडाळला. पुसला नाही. पुरावा पुसायचा नसतो.

शाळेला सुटी आहे. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते.

हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी नऊ-दहा वर्षांची असताना, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. इंजिन चालू असताना पॉइंट, म्हणजे धातूचे दोन टेकणारे तुकडे, सारखे जुळतात आणि उघडतात. उघडले की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटायला हवा. तो एकदम तुटला तरच प्लगवर जोरदार ठिणगी पडते. पण प्रवाह सहजासहजी तुटत नाही, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो. तिथे कंडेन्सर लागतो. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, आत मेणातल्या कागदाची आणि पातळ पत्र्याची वळकटी, बाहेर एक वायर. फटीतून उडी मारू पाहणारा प्रवाह तो पोटात घेतो. तो बिघडला की ठिणगी पॉइंटवरच पडते, पॉइंट जळतात, प्लगला काही मिळत नाही. गाडी आचके देते आणि मरते.

तपासायला बाबांकडे एक फळी होती. रेडिओची जुनी बॅटरी आणि तांबूस निऑनचा छोटा दिवा. कंडेन्सर जोडला की दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. विझला की तो भरला, म्हणजे चांगला. पुन्हा पुन्हा लुकलुकत राहिला तर आतून गळतोय. मग भरलेल्याची वायर त्याच्याच डबीला टेकवायची. चट्ट आवाज आला पाहिजे. दुकानातले लोक भरलेला कंडेन्सर नव्या माणसाकडे फेकायचे, "झेल रे!" करून. तो किंचाळला की हसून लोळायचे. मला तो खेळ कधी आवडला नाही.

आज मी प्रयोगशाळेतल्या जास्त दाबाच्या पुरवठ्यावर जोडला. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. वायर टेकवली, चट्ट. चांगला! म्हणजे आजेमान खोटं बोलला?

मग आठवलं. बाबा म्हणायचे, "थंड असताना कुठलाही कंडेन्सर सभ्य असतो. तापव, मग बोलतो." नात्यातल्या कुणाच्या गाडीला बसवायचा असला की ते तो आधी तव्यात तापवून घ्यायचे. मी एकदा विचारलं होतं, दुकानात का नाही तापवत? म्हणाले, "दुकानात एवढा वेळ कुठे असतो, बाळा."

कोळशाची शेगडी पेटवली, वर कौल ठेवलं, कौलावर तो. तापल्यावर कडेतून मेण पाझरलं, पिवळं, पुवासारखं. डबीचं तोंड एकदा उघडून पुन्हा दाबलेलं होतं. जोडला. दिवा लुकलुकतच राहिला. थांबेचना.

हा नवा नव्हताच. मेलेला कंडेन्सर उघडून, मेण भरून, रंगवून, खोक्यात घालून नवा म्हणून विकला. सगळीकडे हीच कलाबुले, ही काळ्याबाजाराची फसवाफसवी चालू आहे, साबणात, दुधात, औषधात. नवे सुटे भाग मिळेनासे झाल्यापासून मॅगझीनमध्ये कितीतरी दुकानं बंद पडली. बाबांचं मात्र त्याच वर्षांत वाढलं, कारण लोकांचा विश्वास होता. आणि त्यांना असं कुणाच्या तरी घाणीनं मारावं.

हात चार वेळा धुतले. मेणाचा वास जात नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

मॅगझीनमध्ये गेले. बाबा होते तेव्हाही मी तिथे क्वचितच जायची. जमीन काळी झालेली आहे, पावसाळ्यातही तिथे गवत उगवत नाही. आम्लाचा वास, लघवीचा वास, त्यातच बायका मासे तळतात आणि माणसं त्याच हातांनी खातात.

दुकानाच्या मागच्या अंगणात धूर होता. बादू होता. त्यानं कंडेन्सरचा ढीग केला होता, एक एक दगडावर ठेवून हातोडीनं चेपत होता आणि आगीत टाकत होता. मेण जळून काळा धूर. मला बघून हातोडी तशीच वर राहिली.

"तू इकडे कशाला आलीस?"

"हे काय चाललंय?"

"कचरा जाळतोय."

इतक्यात एक जाडी बाई टोपली घेऊन आली. हीच ब्रोन्या, बोलण्यावरून कळलं.

"पोरा, माझा माल कुठाय? गिऱ्हाइकं डोकं खातायत."

"माल बंद. आता मिळणार नाही."

"बंद म्हणजे? म्हातारा होता तेव्हा—"

"ब्रोन्या!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या दुकानातले बघायला लागले. "मामाचं नाव तुझ्या तोंडातनं काढायचं नाही. जा."

ती माझ्याकडे बघून गप्प झाली आणि गेली. म्हातारा होता तेव्हा बादू भीत भीत चोरून द्यायचा, आता उघड द्यायला काय हरकत आहे, असं तिला म्हणायचं असावं. शेजारच्या दुकानांतून कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक असणार. बाबा सोडून सगळ्यांना.

मी म्हटलं, "आजेमानच्या गाडीतला कंडेन्सर माझ्याकडे आहे. तापवून बघितला."

त्याचा चेहरा पडला. राखेसारखा झाला. म्हणाला, "तो मला दे."

"का?"

"दुफिये, जे पुरलंय ते पुरलेलं राहू दे. तुझ्यासाठी सांगतोय."

माझ्यासाठी! बाबांच्या दुकानात बसून, बाबांच्या पाठीमागे मेलेला माल रंगवून विकला, त्यातल्याच एकानं बाबा मेले, आणि आता पुरावा जाळतो आहे आणि म्हणे माझ्यासाठी. मी निघाले.

४ फेब्रुवारी, शनिवार

आत्याला सांगितलं. बादूचं नाव घेतलं नाही, तिचा मुलगा आहे. एवढंच म्हटलं की दोष ड्रायव्हरचा नाही, ज्यानं हा कंडेन्सर केला त्याचा आहे. शेगडीवर तापवून दाखवला. घरची वीज गेली होती म्हणून दिवा दाखवता आला नाही, पण मेण पाझरलेलं तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुणी केला?"

"माहीत नाही."

"माहीत नसलं तरी चालतं," आत्या म्हणाली. "नदीला माहीत असतं. चाळिसाव्याला सगळ्यांसमोर अंडं फोडते. ज्याच्या हातानं हे झालं त्याला नदीनं न्यावं, आणि ज्यांनी ज्यांनी ह्याच्या पैशातनं खाल्लं त्यांनाही."

आमच्याकडे नदीच्या नावानं अंडं फोडून घातलेला शाप सगळ्यात वाईट. शिकलेली माणसंही त्याला भितात. मी विज्ञान शिकवते. मलाही पाठीवर काटा आला, पण मी म्हटलं, "फोड."

बादू दारात उभा होता. कधी आला कळलं नाही.

"आई, करणाऱ्याला काय म्हणायचं ते म्हण. खाणाऱ्यांना म्हणू नकोस."

"का रे? तुझं पोट का दुखतंय?"

"खाल्लेल्याला माहीत तरी असतं का काय खाल्लं ते?" आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आईला म्हणाला, "पाया पडतो तुझ्या. अंडं नको."

खरंच पाया पडला. एवढा मोठा माणूस जमिनीवर आडवा. करणाऱ्याला शाप चालेल, खाणाऱ्याला नको! काय हुशारी आहे. आता स्वतःला कारागीर नाही, नुसता खाणारा म्हणवून घेणार. मला त्याच्याकडे बघवेना. त्याची मान घामानं चमकत होती.

९ फेब्रुवारी

आजेमानची बायको बाळाला पाठीशी बांधून आली. फाटकापाशी बसून राहिली, काही मागितलं नाही. बाळाला खरूज आहे. मी तिला म्हटलं, घाबरू नका, खरं बाहेर येणार आहे. तिनं माझा हात धरला. हात सोडवून घ्यावासा वाटला, पण धरून ठेवला.

बादू मला रोज काहीतरी आणून देतो. काल पपई. मी ती कचऱ्यात टाकली. त्यानं बघितलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज चाळिसावं झालं.

अंगणात घराणं बसलं. काळे आणि लाल कपडे, मधे नाना बोआफो. आजेमानला एका बाजूला उभं केलं होतं. मी उठले आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मला चारचौघांत बोलता येत नाही, आवाज घोगरा निघाला. नाना म्हणाले, "मुलगी म्हणते त्यात काहीतरी आहे. पण करणारा कोण?" सगळे खाली बघत बसले. मॅगझीनमधले बाबांचे जुने सोबतीही आले होते. त्यांच्यातला एकही वर बघेना. एकजण भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

आत्या उठली. एका हातात अंडं, एका हातात जिन. जिनची धार जमिनीवर सोडली आणि बाटली खाली ठेवली. नदीचं नाव घेतलं. "ज्याच्या हातानं माझा भाऊ मेला—"

"मी," बादू म्हणाला.

आत्या थांबली नाही, तिला ऐकूच आलं नसावं. "—आणि ज्यांनी त्यातनं खाल्लं—"

बादूनं पुढे होऊन तिचं मनगट धरलं. "आई, मी. मी केला तो. मामाला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणी खाल्लं नाही. मी एकट्यानं. अंडं खाली ठेव."

मग मॅगझीनमधल्या सोबत्यांपैकी एक म्हातारा, क्वात्रेन म्हणतात त्याला, एकदम रडायला लागला आणि म्हणाला, "बादू, बाळा, असं नको रे." बादू म्हणाला, "तुम्ही बसा, काका."

आत्यानं अंड्याचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं मुलाच्या तोंडात मारली. एकदा. मग अंडं टोपलीत ठेवलं, इतक्या हळू, जसं काही त्यात पिल्लू आहे.

नानांनी निकाल दिला. आजेमानवर दोष नाही, तसं पोलिसांना सांगायचं. बादूनं घराण्याला आणि मेलेल्याला मेंढा द्यायचा. दुकान त्याच्याकडून काढून घेतलं. मामाची जागा दुसऱ्याला. आजेमान मटकन खाली बसला. त्याची बायको हसत होती आणि रडत होती.

मला वाटलं होतं की आता बरं वाटेल. वाटलं नाही. मेंढा अंगणातच कापला. रक्त गटाराकडे वाहत होतं आणि तरी मंडळी जेवायला कधी वाढणार म्हणून विचारत होती.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

बादू चालला आहे. आगेगेला, परदेशात, लागोसच्या बाजूला. सगळे तिकडेच जातात, तिथे काम आहे म्हणतात. हत्यारंही इथेच ठेवून जातो आहे. निघताना माझ्या खोलीच्या दाराशी आला.

"येतो, दुफिये."

मी वर बघितलं नाही.

"तो कंडेन्सर टाकून दे. घरात ठेवू नकोस."

"ठेवणार आहे," मी म्हटलं. "तुझी आठवण म्हणून."

तो थोडा हसला. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. "तुझी जीभ अगदी मामासारखी आहे," म्हणाला. "तूही गप्प गप्प, आणि एकदम चट्ट."

त्यानं बाबांचा उल्लेख केला याचाच मला संताप आला. दार लावून घेतलं.

दुपारी आत्यानं अळकुड्या कुस्करून पामतेलात कालवल्या आणि वर अख्खं उकडलेलं अंडं ठेवलं. दुःख सरलेल्या माणसाचा जीव निववायला देतात तसं. म्हणाली, "खा पोरी. तुझ्या बापाला न्याय मिळाला." मी खाल्लं. खाताना विचारलं, अंडी कुठून आणलीस? सध्या मिळत नाहीत. ती म्हणाली, "तेच ते. फुटलं नाही, तर टाकायचं कशाला?"

आत्या स्वतः जेवली नाही. दिवसभर लाटेसारखी उठत बसत होती.

२४ फेब्रुवारी

उद्या शाळेच्या क्वार्टर्समध्ये परत जायचं. पेटी भरते आहे. क्वात्रेन म्हातारा भेटायला आला होता. बसून राहिला, टोपी हातात फिरवत. म्हणाला, "मास्टर चांगला माणूस होता." मी हो म्हटलं. म्हणाला, "तुझ्या शिक्षणाचं त्यानं किती केलं. काळ किती वाईट होता." मी हो म्हटलं. म्हणाला, "काळ वाईट होता हे लक्षात ठेव हं." आणि गेला. म्हातारपणी माणसं तेच तेच बोलतात.

२५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कंडेन्सर पेटीत ठेवायला घेतला. तेलानं कपडे खराब झाले असते. पुरावा म्हणून आता त्याचं काम संपलं होतं, म्हणून बशीत रॉकेल घेऊन चिंधीनं धुतला. थर निघत गेला. रॉकेल काळं झालं. मग दुसरं घेतलं.

डबी स्वच्छ झाली तेव्हा ती पेटीच्या झाकणावर ठेवलेली होती. मी चिंधी पिळली आणि परत बघितलं तर मला ती पटकन दिसेचना. रंगावर रंग बसला होता. चंदेरीत कालवलेली नीळ. ना निळा ना राखी. झाकणावर माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराला बाबांनी कुंचल्याची शेवटची शेपटी जशी डावीकडे ओढली आहे, तशीच डबीच्या बुडाशीही ओढलेली आहे. ते डावखुरे होते. बादू उजव्या हातानं काम करतो.

आजेमान म्हणाला होता, काडी विझली आणि ते दुसरी नको म्हणाले.

ते अंडंही मी खाल्लं होतं. शाळा, वसतिगृह, ट्रेनिंग कॉलेज, शाळेत घालते ते बूट. 'खाल्लेल्याला माहीत तरी असतं का,' म्हणाला होता, माझ्याकडे बघत. आणि मी त्याची पपई कचऱ्यात टाकली.

पेटीचं झाकण बिजागऱ्यांतून काढलं. ते आणि कंडेन्सर घेऊन अंगणात गेले. आत्या भाजी निवडत होती. ऊन चांगलं होतं. दोन्ही तिच्यासमोर जमिनीवर ठेवले, एकमेकांशेजारी.

तिनं आधी झाकण बघितलं. मग डबी उचलली, झाकणावर ठेवली, पुन्हा उचलली. बुडाशी बोट फिरवलं. तिच्या धाकट्या भावाचा हात तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. मला वाटलं ती ओरडेल, किंवा मला मारेल. तिनं डबी होती तिथेच ठेवली, उठली, रांजणापाशी गेली आणि हात धुतले. साबण घेऊन, कोपरापर्यंत. मग लोटा माझ्याकडे दिला. मीही धुतले.

ती परत येऊन बसली. भाजी हातात घेतली, तशीच धरून ठेवली.

"आगेगेच्या गाड्या कुठून सुटतात?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग विचारून ये."

मी चप्पल घालून निघाले.